एकही सोलो नाही

हा अल्बम ऐकताना उजव्या कानातला हेडफोन काढला की गिटार गायब होते. उरतात बास, ड्रम्स आणि नाकातून गाणारा एक लांबलचक मुलगा. उजवा लावून डावा काढला की बास गायब, आणि गिटारचा नुसता भडिमार. वाद्यं अशी दोन कानांना वाटून टाकायची पद्धत १९७६ साली केव्हाच मागे पडली होती. ती साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या स्टिरिओ रेकॉर्ड्सची, बीटल्सच्या जमान्याची तऱ्हा. 'रमोन्स' या बँडच्या 'रमोन्स' याच नावाच्या पहिल्या अल्बमवर ती परत आणली गेली, आणि चांगली विचार करून आणली गेली. या अल्बमबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'त्यांना बिचाऱ्यांना वाजवता येत नव्हतं, म्हणून पंक (म्हणजे हे साधं, वेगवान, आडदांड रॉक) जन्माला आलं.' मला हे वाक्य अजिबात पटत नाही. इतक्या कमी गोष्टींत इतका वेळ टिकणारं काही उभं करायचं, तर काय टाकायचं हे फार नेमकं ठाऊक असावं लागतं.

मी तो ऐकला इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये. तिथे लॅनवर ज्याचं त्याचं शेअर केलेलं फोल्डर असायचं, आणि माणसाची ओळख त्या फोल्डरवरून व्हायची. रॉक म्हणजे पिंक फ्लॉइड, आयर्न मेडन, मेटॅलिका; शेवटच्या वर्षाला पोचलेल्यांसाठी ड्रीम थिएटर. गिटार वाजवणाऱ्याची पत सोलोवर, म्हणजे गाण्याच्या मधे त्याने एकट्याने रंगवलेल्या तुकड्यावर ठरायची. एखाद्याने फ्लॉइडचा एखादा लांब सोलो जसाच्या तसा काढला की मेसच्या रांगेत त्याला पुढे घ्यायचे. शिलाँगचा एक सीनिअर होता, त्याच्या फोल्डरमध्ये हा अल्बम होता. चौदा गाणी, सगळी मिळून जेमतेम एकोणतीस मिनिटं. सगळ्यात लांब गाणं अडीच मिनिटांच्या किंचित पुढे जाणारं. आणि चौदाच्या चौदा गाण्यांत गिटार सोलो म्हणावा असा एकही प्रकार नाही.

आवडला लगेच. का आवडला हे सांगता यायला मात्र बराच काळ जावा लागला. आधी फक्त एवढंच जाणवायचं की तो संपला की पुन्हा लावावासा वाटतो, आणि पुन्हा लावायला काही खर्चही होत नाही, कारण संपूर्ण अल्बम ऐकून झाला तरी जेवणाची वेळ टळलेली नसते.

त्या वेळचं रॉक कुठे जाऊन पोचलं होतं ते पाहिल्याशिवाय या एकोणतीस मिनिटांचा खोडसाळपणा कळत नाही. 'येस' या इंग्लिश बँडने १९७३ च्या शेवटी एक डबल अल्बम काढला. दोन रेकॉर्ड्स, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच गाणं, एकूण ऐंशी मिनिटं. त्यामागची प्रेरणा गंमत म्हणजे आपल्याकडची. गायक जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रात शास्त्रांविषयीची एक लांब तळटीप वाचली आणि तिच्यातून हा पसारा उभा राहिला. (अधूनमधून मला तो आवडतोही. पण तळटीप ती तळटीपच.) तिकडे किबोर्डवाले किल्ल्याएवढी यंत्रं स्टेजवर चढवत होते, ड्रमर वीस-वीस मिनिटं एकटे वाजवत होते. सोळा वर्षांच्या पोराने हे पाहून थक्क व्हावं एवढंच त्याच्या हातात होतं. आपणही करून बघू असं म्हणायची सोय राहिलेली नव्हती.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्स या मध्यमवर्गी वस्तीतल्या चौघांनी ही सोय केली. चौघांनी आडनाव एकच घेतलं, रमोन, तेही पॉल मॅकार्टनीकडून उसनं. बीटल्स नावारूपाला यायच्या आधी तो काही दिवस 'पॉल रमोन' असं टोपणनाव लावत असे. जेफ्री हायमन झाला जोई, जॉन कमिंग्ज झाला जॉनी, डग्लस कॉल्विन झाला डी डी. चौथा टॉमी. त्याच्याकडे लोकांचं नेहमी कमी लक्ष जातं, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

टॉमीचं मूळ नाव तमाश एर्देयी. जन्म १९४९ चा, बुडापेस्टचा. लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. पुढे न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत सहायक इंजिनिअर म्हणून नोकरी केली, आणि तिथे जिमी हेंड्रिक्सच्या 'बँड ऑफ जिप्सीज'च्या कामावर तो होता. म्हणजे गिटार काय काय करू शकते हे ज्याने जवळून पाहिलं होतं असा माणूस या बँडमध्ये होता. तो आला मॅनेजर म्हणून. तेव्हा ड्रम्सवर जोई बसत असे. जोईला पुढे गायला आणल्यावर नवा ड्रमर शोधायला सुरुवात झाली. येईल तो आपली करामत दाखवायला बघे, जागा मिळेल तिथे भरगच्च रोल घुसवी. टॉमी त्यांना बसून दाखवे, असं साधं वाजव. दाखवता दाखवता लक्षात आलं की असं साधं फक्त त्यालाच वाजवता येतंय. याआधी तो ड्रमर नव्हताच. शेवटी तोच बसला.

हेंड्रिक्सच्या रेकॉर्डिंगला हजर राहिलेला माणूस जेव्हा ठरवतो की आपल्या बँडमध्ये सोलो नको, तेव्हा ते 'येत नाही म्हणून' कसं म्हणायचं?

आता जॉनी. हा बांधकामावर काम करणारा, तापट आणि शिस्तीचा. १९७४ साली मॅनहॅटनमधल्या मॅनीज या वाद्यांच्या दुकानातून त्याने पन्नास-एक डॉलरना जुनी मोसराइट गिटार आणली, कारण त्या पैशांत तीच बसत होती. त्या गिटारीवर त्याने जे केलं ते वाचून कळत नाही, करून बघावं लागतं. गिटार वाजवताना पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, खाली येतं आणि वर जातं. वेगाने वाजवायचं असेल तर दोन्ही फेऱ्यांत तारा छेडायच्या, हे कुठलाही मास्तर पहिल्या महिन्यात शिकवतो. जॉनी फक्त खाली येताना वाजवायचा. वर जाणारी फेरी रिकामी. या अल्बममधल्या 'ब्लिट्झक्रीग बॉप' या गाण्याची लय मिनिटाला पावणेदोनशे ठोक्यांच्या आसपास आहे, आणि प्रत्येक ठोक्याला दोन फटके. म्हणजे मिनिटाला साडेतीनशेच्या घरात, सगळे वरून खाली.

मी हे खोलीचं दार लावून करून पाहिलं आहे. कॉर्ड्स अगदी नवशिक्याच्या: ए, डी, ई. पहिलं कडवं निघून जातं आणि वाटतं, एवढंच होय! दुसऱ्या कडव्यात कोपराच्या खालचा स्नायू आवळायला लागतो. पिक घामाने सरकतं, ते पकडायला अंगठा जास्त दाबला जातो, की मनगट ताठ होतं, आणि ताठ मनगटाने लय पुढेमागे होऊ लागते. मग हात आपसूक चोरी करतो. वर जाताना हळूच तारांना लागून जातो. चोरी केली की तत्क्षणी ऐकू येते. खालच्या फटक्यात जाड तारा आधी वाजतात, वरच्यात बारीक. दोन्ही मिसळले की एक जड, एक हलका असा हेलकावा येतो, आणि जिथे भिंत होती तिथे जाळी लावल्यासारखं वाटतं. जॉनीचा हा हात एकोणतीस मिनिटं तर टिकलाच, पुढे बावीस वर्षं टिकला. १९९६ च्या ऑगस्टमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा बँडच्या कार्यक्रमांची मोजणी २,२६३ वर पोचली होती.

१६ ऑगस्ट १९७४ ला ते पहिल्यांदा मॅनहॅटनच्या बाउअरी भागातल्या सीबीजीबी या बारमध्ये वाजले. बाउअरी म्हणजे तेव्हा दारुड्यांची आणि बेघरांची वस्ती. तिथला हिली क्रिस्टलचा हा लांबट, अंधारा बार. लेदर जॅकेट, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, कॅनव्हासचे बूट, आणि वीस मिनिटांच्या आत सगळा कार्यक्रम खलास. दोन गाण्यांच्या मधे कुठलं वाजवायचं यावरून स्टेजवरच भांडणं. ती भांडणं पुढे बंद झाली, कारण जॉनीने गाण्यांमधली मोकळी जागाच काढून टाकली. एक संपलं की डी डीचं 'वन, टू, थ्री, फोर' आणि लगेच दुसरं.

अल्बम रेकॉर्ड झाला फेब्रुवारी १९७६ मध्ये, रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीत आठव्या मजल्यावर, प्लाझा साउंड नावाच्या स्टुडिओत. सायर रेकॉर्ड्सचे सीमोर स्टाइन यांनी करारबद्ध केलेलं, निर्माता क्रेग लिऑन, सोबतीला टॉमी. आठवडाभरात काम संपलं. खर्च ६,४०० डॉलर. पण घाईतसुद्धा बारकावे सुटलेले नाहीत. जोईचा आवाज दोनदा गाऊन एकावर एक बसवलाय, बीटल्स करत तसा. 'लेट्स डान्स' या जुन्या गाण्यात मागे जो भलामोठा ऑर्गन घुमतो, तो खुद्द रेडिओ सिटीचा प्रचंड वुर्लिट्झर. सहा हजारांच्या अल्बमवर न्यूयॉर्कमधल्या सगळ्यात भपकेबाज थिएटरचं वाद्य चोरून आणल्यासारखं वाजतं, आणि मला दर वेळी हसू येतं.

या गोंगाटाखाली किती गोड संगीत आहे हे कळलं, तेव्हा मला हा अल्बम खरा आवडायला लागला. हे लोक स्वतःला पॉप बँड समजत. त्यांना स्पर्धा वाटायची बे सिटी रोलर्सची, म्हणजे शाळकरी मुली ज्यांच्यासाठी किंचाळायच्या त्या स्कॉटिश पोरांची. रोलर्सच्या एका गाण्यात अक्षरं सुटी करून ओरडण्याचा गजर होता, तसा आपल्याकडेही हवा म्हणून 'ब्लिट्झक्रीग बॉप'मधलं 'हे हो, लेट्स गो' आलं. ते गाणं मुळात टॉमीचं, कार्यक्रमाला निघालेल्या पोरांबद्दलचं, सरळ आनंदाचं. डी डीने त्याला लष्करी नाव दिलं आणि 'मागे ओरडतायत' अशा अर्थाची ओळ फिरवून 'मागून गोळी घाला' अशी केली. एवढ्याशा फेरफाराने गाण्याची चव बदलली. गोडव्यात खडा.

'आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड'मध्ये तो खडाही नाही. टॉमीचंच गाणं. मागे घंटांसारखं ग्लॉकनश्पील वाजतं, आणि साडेसहा फुटी जोई साठच्या दशकातल्या मुलींच्या बँड्ससारखा हळवा होऊन एकच मागणं पुन्हा पुन्हा मागतो. जोईला लहानपणापासून आजारपण पुरून उरलेलं. पुढे ओसीडीने ग्रासलं, मानसोपचाराच्या वॉर्डात राहून आला. दाराच्या उंबऱ्यावरून आत-बाहेर किती वेळा जायचं, वस्तूला किती वेळा हात लावायचा, यात त्याचे तास जात. हे समजल्यानंतर अल्बममधल्या शीर्षकांची यादी वाचताना जरा वेगळं वाटतं. तळघरात जायचं नाहीये. तुझ्याबरोबर हिंडायचं नाहीये. गोंद हुंगायचाय. तुझा व्हायचंय. पाहिजे आणि नको, या पलीकडे भाषा जातच नाही, आणि तेवढ्यात एका माणसाचं सगळं मावतं.

'जुडी इज अ पंक' तर दीड मिनिटात जॅकी आणि जुडी या दोन पोरींना बर्लिनला नेतं, बर्फावरच्या नाचाच्या कंपनीत घालतं, सॅन फ्रान्सिस्कोला आणून पॅटी हर्स्ट या धनाढ्य घरातल्या मुलीला पळवून नेणाऱ्या टोळीत भरती करतं आणि कदाचित मरतीलही म्हणून मोकळं होतं. दुसऱ्या कडव्याआधी जोई जाहीर करतो की हे पहिल्यासारखंच आहे. हाही हर्मन्स हर्मिट्स या साठच्या दशकातल्या बँडच्या जुन्या गाण्यातून उचललेला विनोद.

अल्बममधलं सगळ्यात अस्वस्थ करणारं गाणं 'फिफ्टीथर्ड अँड थर्ड'. हा मॅनहॅटनमधला चौक त्या काळी देहविक्री करणाऱ्या तरुण मुलांचा अड्डा होता. डी डीने लिहिलेल्या या गाण्यातला मुलगा व्हिएतनामहून परतलेला आहे. तो चौकात उभा आहे आणि गिऱ्हाईक त्याला निवडत नाहीये. मग निवडलं जातं, आणि तो वस्तरा काढतो. जोई हे सगळं त्याच सरळ आवाजात गातो. मधल्या ओळींना मात्र स्वतः डी डी येतो, फाटलेल्या, ओरडणाऱ्या गळ्याने. बाकी अल्बमभर व्यंगचित्रातली हिंसा आहे, बेसबॉलची बॅट, करवत. इथे ती खरी होते, दोन मिनिटांपुरती.

आणि शेवटचं गाणं. त्यात नाझी वेषातलं एक पात्र स्वतःची ओळख करून देतं. मूळ ओळ आणखी उघड होती. स्टाइन यांनी हरकत घेतली म्हणून बदलली. समर्थक सांगतात, जोई ज्यू, टॉमी ज्यू, टॉमीचे आईवडील तर नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचलेले. तेव्हा हा उपरोधच. आहे, उपरोधच आहे. अमेरिकन सैनिकाचा मुलगा म्हणून जर्मनीत वाढलेल्या डी डीला त्या युद्धाच्या भंगाराचं वेड होतं, हेही खरं. पण वेड म्हणजे विचार नव्हे. टॉमीच्या घरात जे घडलं होतं त्याच्या वजनापुढे तो विनोद फार पोरकट वाटतो मला. गाण्याची चाल मात्र अशी आहे की ऐकून संपेपर्यंत पाय थांबत नाही, आणि याचा राग येतो.

२३ एप्रिल १९७६ ला अल्बम बाजारात आला. मुखपृष्ठावर विटांच्या भिंतीपुढे उभे चौघे, कृष्णधवल. हा फोटो रोबर्टा बेली हिने खरं म्हणजे 'पंक' मासिकासाठी काढलेला. कंपनीने दुसरीकडून करवून घेतलेले महागडे फोटो फसल्यावर तिला १२५ डॉलर देऊन हा घेतला. नीट पाहिलं तर टॉमी चवड्यांवर उभा आहे आणि जोई किंचित वाकलाय, उंचीतला फरक झाकायला. अमेरिकेत अल्बम १११ व्या क्रमांकाच्या वर सरकला नाही. रेडिओने विचारलं नाही.

लंडनने विचारलं. ४ जुलै १९७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पूर्ण होत होती त्या दिवशी, ते तिथल्या राउंडहाउस या थिएटरमध्ये वाजले. पुढची गोष्ट पंकवाले आळवून आळवून सांगतात: क्लॅश या लंडनच्या नव्या बँडमधली पोरं भेटायला आली आणि म्हणाली आम्ही अजून तयार नाही, नीट वाजवता येत नाही, त्यावर जॉनीने सांगितलं, आम्ही तर भिकार आहोत, तयार व्हायची वाट बघाल तर म्हातारे व्हाल. जॉनीच्या तोंडी 'आम्ही भिकार' हे ऐकून मी हसतो. एवढा हिशेबी माणूस दुसरा नसेल. पण पोरांचं काम झालं. क्लॅशचा पॉल सिमनन याच अल्बमबरोबर वाजवून बास शिकला, सेक्स पिस्टल्स या बँडचा सिड व्हिशसही. आणि इथे हेडफोनची गंमत पुन्हा कामाला येते. बास अख्खा एका बाजूला असल्यामुळे दुसरा स्पीकर बंद करा, की मास्तर घरी आला. त्याच जुलैत मार्क पेरी नावाच्या लंडनमधल्या बँक कारकुनाने घरी टाइप करून, झेरॉक्स काढून एक मासिक सुरू केलं. नाव 'स्निफिन ग्लू', याच अल्बममधल्या गाण्यावरून. साठच्या दशकात मुंबईत चक्रमुद्रित अनियतकालिकं काढणाऱ्यांना यात काही नवल वाटलं नसतं.

पुढचं थोडक्यात. अल्बम पुष्कळ आले, पैसे फारसे आले नाहीत, जोई आणि जॉनी एका मुलीवरून कायमचे दुरावले आणि वर्षानुवर्षं एकाच व्हॅनमधून न बोलता फिरले. तगले ते बरंचसं टी-शर्टांवर. आर्तुरो वेगा या कलाकाराने अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून त्यांचं चिन्ह बनवलं. गरुडाच्या एका पायात बाणांऐवजी बेसबॉलची बॅट, दुसऱ्यात ऑलिव्हऐवजी सफरचंदाची फांदी. तो शर्ट आज पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर आणि मुंबईत फॅशन स्ट्रीटवर हँगरला लटकतो. घालणाऱ्याला बँड ठाऊक नसतो म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मला त्यात काही वाटत नाही. बँडच कार्यक्रमाच्या दारात शर्ट विकून पेट्रोल भरत होता.

पाच लाख प्रतींचं गोल्ड सर्टिफिकेट या अल्बमला मिळालं एप्रिल २०१४ मध्ये, अडतीस वर्षांनी. जोई २००१ ला गेला होता, डी डी २००२ ला, जॉनी २००४ ला. टॉमी तेवढा होता. तोही त्याच जुलैत गेला.

मध्यंतरी पुण्यातल्या एका पबमध्ये शनिवारी एका बँडने 'ब्लिट्झक्रीग बॉप' घेतलं. पोरं हुशार होती. ड्रमरने पहिल्या गजरातच दोन सुरेख रोल टाकले. गिटारवाला वर-खाली वर-खाली सफाईने वाजवत होता, हाताला घाम नाही, चेहऱ्यावर कष्ट नाहीत. दुसऱ्या कडव्यानंतर त्याने पेडलवर पाय ठेवला, डोळे मिटले आणि सोलो सुरू केला. सोलो खरंच चांगला होता. सव्वादोन मिनिटांचं गाणं पाचाच्या पुढे गेलं. माझ्या शेजारच्या टेबलावर गरुडाचा शर्ट घातलेला एक मुलगा उभा राहून शिट्ट्या मारत होता, आणि सगळ्यात जास्त टाळ्या सोलोलाच पडल्या.